साथीच्या दिवसांत निरोप पोहोचला म्हणजे नेमकं काय झालं?

दुभाषी (धागाकर्ती)

करोनाच्या पहिल्या दोन वर्षांत मी टेलिफोनवर दुभाषाचं काम करत होते. एका टोकाला परिचारिका, दुसऱ्या टोकाला रिपोर्ट पॉझिटिव्ह आलेला माणूस आणि मध्ये मी. त्यातला एका आजींचा फोन अजून डोक्यातून जात नाही. त्याच्यासाठी हा धागा काढते आहे.

परिचारिकेने नेहमीच्या सूचना दिल्या. दहा दिवस घरातच राहायचं, घराबाहेरच्या कोणाच्याही जवळ जायचं नाही. मी मराठीत सांगत गेले. आजी प्रत्येक वाक्याला "हो बाई, हो" म्हणत होत्या. परिचारिका फोन ठेवण्याच्या बेतात होती. दुभाषाने स्वतःच्या पदरचं काही बोलायचं नसतं, म्हणून मी तिची परवानगी घेतली आणि विचारलं, "आजी, उद्याचा तुमचा दिवस कसा जाईल ते सांगाल का मला?"

"काही नाही गं, कुठ्ठे जायची नाही मी. सकाळी लेकीकडे जाईन, नातवाला सांभाळीन, दिवेलागणीला परत येईन."

लेक पलीकडच्या इमारतीत राहत होती. मी म्हटलं, "पण बाहेर जायचं नाही ना आजी?" त्यावर त्या जरा दुखावल्याच. "बाहेर कुठे? घरच्याच माणसांत आहे की मी!"

माझ्या भाषांतरात एकही शब्द चुकला नव्हता. पण नियम लिहिणाऱ्याच्या मनातलं घर म्हणजे एका छपराखाली राहणारी माणसं, आणि आजींच्या मनातलं घर म्हणजे रक्ताची माणसं, मग ती कितीही दारांपलीकडे राहोत. बरं, "हो, हो" हे समजल्याचं लक्षणच नव्हतं. समोरची बाई शिकलेली आहे, आपल्या भल्याचं सांगते आहे, तिला मध्येच तोडू नये, एवढाच त्या होकाराचा अर्थ.

आरोग्य खात्यांच्या कामाच्या रांगेत भाषांतर सगळ्यात शेवटी उभं असतं. आधी तज्ज्ञ बसतात, मग मजकूर ठरतो, वकील बघतात, चित्रकार मांडणी करतो, आणि सगळं मंजूर झाल्यावर "आता हे बारा भाषांत करून घ्या" असा निरोप येतो. तोवर वाक्य गोठलेलं असतं. "या वाक्यातलं 'घर' आमच्याकडे चालणार नाही" हे मी कोणाला सांगणार? माझं म्हणणं असं की त्या भाषेत जगणारी माणसं मजकूर ठरतानाच समोर हवीत. आणि निरोप पाठवल्यावर त्यांच्याकडून काय परत येतं हे ऐकायला कोणीतरी हवं.

तुमच्यापैकी कोणी असं काम केलं असेल, किंवा दुसऱ्या बाजूला बसून असे निरोप घेतले असतील, तर लिहा.


रानवारा

ताई, माझे एक स्नेही मेलबर्नला असतात. त्यांच्यामुळे मी तिथल्या घटना रोज बघत होतो.

४ जुलै २०२०, शनिवार दुपार. फ्लेमिंग्टन आणि नॉर्थ मेलबर्नमधल्या नऊ सरकारी उंच इमारती तत्काळ बंद केल्याचं जाहीर झालं. आत सुमारे ३,००० माणसं. कित्येक कुटुंबं पूर्व आफ्रिकेतून आणि आशियातून निर्वासित म्हणून आलेली. पूर्वसूचना नाही, आणि निरोपाच्या आधी खाली पोलीस पोहोचले. ज्यांनी आपल्या देशात गणवेशातली माणसं दारावर येताना पाहिली आहेत त्यांना त्या दिवशी काय वाटलं असेल? बऱ्याच रहिवाशांना हे का चाललंय, किती दिवस चालणार, औषधं कशी मिळणार, यातलं काही त्यांच्या भाषेत कळलं नव्हतं. मग तिथल्याच पोरापोरींनी रातोरात आपापल्या भाषांत कागद तयार केले, आवाज रेकॉर्ड करून फोनवर पाठवले.

आठ इमारती पाच दिवसांनी उघडल्या, नववी दोन आठवडे बंद राहिली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये व्हिक्टोरिया राज्याच्या लोकपालांचा अहवाल आला. आजार पसरू नये म्हणून पावलं उचलणं आवश्यक होतं, पण सूचना न देता तत्क्षणी कोंडणं मानवी हक्कांच्या कायद्यात बसणारं नव्हतं, असा त्यांचा निष्कर्ष होता.

मला त्यातली एकच गोष्ट राहून राहून खुपते. ही भाषा जाणणारी, इमारतीचा मजला न् मजला ठाऊक असणारी पोरं शुक्रवारीही तिथेच होती. त्यांना कोणी विचारलं नाही.


गणितवेडा

धागा महत्त्वाचा आहे, पण थोडं उलट बोलतो. राग मानू नका.

साथ दर काही दिवसांनी दुप्पट होत असते. जगात ७,००० च्या आसपास भाषा आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अधिकृत भाषा सहा: अरबी, चिनी, इंग्रजी, फ्रेंच, रशियन आणि स्पॅनिश. एखाद्या मोठ्या शहरात शंभराहून अधिक भाषा बोलल्या जातात. प्रत्येक भाषेतल्या चार माणसांना बोलावून, मजकुरावर चर्चा करून, त्यांच्याकडून परत ऐकून मग निरोप काढायचा म्हटलं तर निरोप निघेपर्यंत लाट ओसरेल. आज ८० टक्के बरोबर असलेलं वाक्य, दहा दिवसांनी येणाऱ्या १०० टक्के बरोबर वाक्यापेक्षा जास्त जीव वाचवतं. आधी मोठ्या भाषेत काढा, बाकीचं मागून येऊ द्या. हे कठोर वाटेल, पण ज्याच्या हातात निर्णय असतो त्याच्यापुढे घड्याळ असतं.


दुभाषी

राग कसला? हा प्रश्न मला प्रत्येक बैठकीत विचारला गेला आहे.

पण "मागून येऊ द्या" यात एक गृहीतक लपलेलं आहे. साथ सगळ्यांवर सारखीच येते आणि मागे राहिलेल्यांनाही तेवढाच वेळ मिळतो, हे ते गृहीतक. मार्च २०२० मध्ये स्टॉकहोममध्ये करोनाने गेलेल्या पहिल्या १५ जणांपैकी ६ जण सोमाली वंशाचे होते. ही गोष्ट तिथल्या सोमाली डॉक्टरांच्या संघटनेनेच पुढे आणली. तीन पिढ्या छोट्या घरात, टॅक्सी चालवण्यासारखी घरी बसून न करता येणारी कामं, आणि माहिती उशिरा. ज्यांच्यापर्यंत निरोप सगळ्यात शेवटी पोहोचतो, बऱ्याचदा आजार त्यांच्याच दारात सगळ्यात आधी येतो. मग वेळ वाचला तो कोणाचा?

दुसरं म्हणजे, ही माणसं साथ आल्यावर शोधायची नसतात. कोणत्या वस्तीत कोणत्या भाषा आहेत, लोक वाचतात की ऐकतात, त्यांच्यात कोणाच्या शब्दाला वजन आहे, ही यादी शांततेच्या दिवसांत करून ठेवता येते. यादी हातात असली तर काम दहा दिवसांचं राहत नाही, एका दुपारचं होतं.


पाटीपेन्सिल

मी दुसऱ्या बाजूची आहे, म्हणजे निरोप घेणारी. किंवा खरं तर मधली.

आम्ही परदेशात आलो तेव्हा मी तेरा वर्षांची होते. आईला तिथली भाषा येत नव्हती. वडील आजारी पडले तेव्हा डॉक्टर माझ्याशी बोलायचे आणि मी आईला सांगायचे. एके दिवशी डॉक्टरांनी काहीतरी सांगितलं. त्यातला एक शब्द मला कळला नाही आणि दुसरा कळला तो मला आईला सांगायचा नव्हता. मी म्हटलं, "डॉक्टर म्हणतायत, विश्रांती घ्या." वाक्य लांब होतं आणि माझं भाषांतर चार शब्दांचं, हे आईच्या लक्षात आलं असणार. तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं.

करोनात माझ्यासारखी हजारो मुलं घराघरांतून हेच करत होती. सरकारी संकेतस्थळ उघडायचं, आजोबांना वाचून दाखवायचं, आणि स्वतःला भीती वाटेल ते गाळायचं. रुग्णालयात नातेवाइकांना आत सोडत नव्हते, म्हणून हे फोनवर चालायचं. दुभाषे ठेवायला वेळ नाही, पैसा नाही, असं म्हणतो तेव्हा ते काम नाहीसं होत नाही. ते घरातल्या सगळ्यात लहान खांद्यावर जाऊन बसतं. गणितवेडा, तुमच्या हिशेबात हे कुठे धरता?


गणितवेडा

धरलं नव्हतं. वाचून थांबलो.


संगणकी

यंत्राच्या भाषांतराबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो, कारण मी त्याच क्षेत्रात आहे.

जानेवारी २०२१ मध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्याच्या आरोग्य विभागाच्या संकेतस्थळावर स्पॅनिश मजकूर यंत्राने आपोआप केलेला होता. इंग्रजीत होतं की लस घेणं बंधनकारक नाही. स्पॅनिशमध्ये झालं की लस गरजेची नाही. शब्दकोशात बघाल तर दोन शब्द शेजारी बसलेले असतील. पण लस घ्यावी की नाही या विचारात असलेल्या माणसासाठी यात केवढा फरक आहे! आणि हे स्पॅनिशचं, जिच्यासाठी यंत्राला शिकवायला अमाप मजकूर आहे. लहान भाषांचं काय होत असेल?

तरी यंत्राला सरसकट मोडीत काढू नका. २०२० मध्ये विद्यापीठं, मोठ्या तंत्रज्ञान कंपन्या आणि 'ट्रान्सलेटर्स विदाउट बॉर्डर्स' ही भाषांतरकारांची संस्था यांनी मिळून 'टायको-१९' नावाचा संच तयार केला. करोनाविषयीची तीच ती वाक्यं ३५ हून अधिक भाषांत माणसांकडून अनुवादून घेतली आणि सगळ्यांसाठी खुली ठेवली. त्यात मराठीही आहे. अशा संचावर यंत्र तपासता येतं, सुधारता येतं. गणितवेडा यांचं घड्याळ खरं आहे, आणि पहिला खर्डा यंत्राने पाच मिनिटांत दिला तर माणसाचे तास वाचतात. फक्त तो खर्डा त्या भाषेतल्या माणसाच्या नजरेखालून गेल्याशिवाय बाहेर पडू नये.

आणखी एक गोष्ट, जिच्याकडे फारसं कोणी बघत नाही. मूळ सूचना बदलते आणि भाषांतर जुनंच राहतं. जागतिक आरोग्य संघटनेने ५ जून २०२० ला मास्कबद्दलचा सल्ला बदलला. जिथे साथ पसरते आहे आणि अंतर राखता येत नाही तिथे सर्वसामान्यांनीही कापडी मास्क वापरावा, असं नवं मार्गदर्शन आलं. मूळ पान त्याच दिवशी बदलतं. पण एप्रिलमध्ये अठरा भाषांत छापून वाटलेली पत्रकं भिंतींवर तशीच असतात, फोनवर फिरत असतात. मग एका घरात दोन माणसं दोन "अधिकृत" गोष्टी घेऊन भांडतात. प्रत्येक भाषांतरावर ठळक तारीख हवी आणि "यानंतर हे बघू नका" असा मजकूर हवा. माझ्या कामात मी एवढ्याचसाठी भांडतो.


तळटीप

आपल्याच भाषेकडे बघू या का जरा?

'अलगीकरण' आणि 'विलगीकरण'. पहिलं संपर्कात आलेल्या, पण अजून आजारी नसलेल्या माणसासाठी. दुसरं आजार असलेल्यासाठी. दोन वेगळ्या सूचना, दोन वेगळ्या मुदती, आणि शब्दांत फरक एका अक्षराचा. फोनवर खरखर असली की दोन्ही सारखेच ऐकू येतात. मी मराठीचा शिक्षक, मलाही दर वेळी थांबून आठवावं लागायचं. सगळे लोक 'क्वारंटाइन'च म्हणत होते आणि दोन्हीसाठी म्हणत होते. "आजारी आहात म्हणून वेगळं राहा" आणि "आजारी पडाल की काय हे कळेपर्यंत वेगळं राहा" अशी दोन साधी वाक्यं का नाही चालली?

'पॉझिटिव्ह' घ्या. इतकी वर्षं आपण 'पॉझिटिव्ह विचार करा' ऐकत आलो. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला म्हणून हायसं वाटलेली माणसं मी स्वतः पाहिली आहेत. "आजार निघाला" म्हटलं असतं तर?

'सोशल डिस्टन्सिंग'चं 'सामाजिक अंतर' झालं. ज्या भाषेत 'अंतर देणं' म्हणजे माणसाला टाकणं, तिथे हे शब्द कानाला कसे लागले असतील! जागतिक आरोग्य संघटनाही मार्च २०२० मध्येच 'शारीरिक अंतर' म्हणू लागली. माणसांनी एकमेकांपासून शरीराने लांब राहायचं, नात्याने नव्हे, हे कारण त्यांनीच दिलं. पण तोवर जुना शब्द सगळीकडे रुजला होता. पहिल्या आठवड्यात जो शब्द तोंडी बसतो तो पुढे हलत नाही, म्हणून पहिल्याच आठवड्यात भाषेची माणसं समोर हवीत. धागाकर्तीच्या मुद्द्याला माझा दुजोरा इथून आहे.


मौनाक्षर

तुम्ही सगळे ऐकू येणाऱ्या भाषांबद्दल बोलताय. माझी बहीण जन्मतः बहिरी आहे.

सांकेतिक भाषा म्हणजे बोलीभाषेचे हातवारे असा समज सर्रास आढळतो. तो चुकीचा आहे. तिला स्वतःचं व्याकरण असतं. ब्रिटन आणि अमेरिका, दोन्हीकडे इंग्रजी, पण दोन्हीकडच्या सांकेतिक भाषा इतक्या वेगळ्या आहेत की ब्रिटिश मुळाक्षरं दोन हातांनी होतात आणि अमेरिकी एका हाताने. म्हणून "खाली अक्षरं दिली आहेत की" हे उत्तर पुरत नाही. माझ्या बहिणीसाठी लिखित भाषा ही दुसरी भाषा आहे, आणि घाबरलेलं असताना कोणीही दुसऱ्या भाषेत नीट वाचत नाही.

साथीच्या काळात रोज पडद्यावर कोणीतरी गंभीर चेहऱ्याने बोलत असायचं. घरातले सगळे एकदम गप्प व्हायचे. ती आमच्या चेहऱ्यांवरून ओळखायची की काहीतरी वाईट आहे, आणि काय ते तिला अर्ध्या तासाने कळायचं. मास्क आल्यावर ओठही दिसेनासे झाले. औषधाच्या दुकानातल्या मुलाने तिला चार वेळा काहीतरी विचारलं आणि पाचव्यांदा हात झटकला. घरी येऊन तिने मला तो हात करून दाखवला.

अमेरिकेत सप्टेंबर २०२० मध्ये न्यायालयाला सांगावं लागलं की व्हाइट हाउसच्या करोनाविषयक निवेदनांत सांकेतिक भाषेचा दुभाषा दिसलाच पाहिजे. इंग्लंडमध्ये एका बहिऱ्या स्त्रीने दावा लावला. २०२० च्या सप्टेंबर आणि ऑक्टोबरमधल्या दोन सरकारी निवेदनांत दुभाषा नव्हता, आणि हा समानतेच्या कायद्याचा भंग आहे, असा निकाल जुलै २०२१ मध्ये लागला. पडद्याच्या कोपऱ्यात एक माणूस उभा करण्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागली.


वाटसरू

मी सार्वजनिक आरोग्य शिकलो. आमच्या वर्गात इबोलाचा धडा दोन आठवडे चालला होता, त्यातलं थोडं.

२०१४ ते २०१६ मध्ये पश्चिम आफ्रिकेत २८,६०० हून अधिक माणसांना लागण झाली आणि ११,३०० हून अधिक गेली. सुरुवातीच्या फलकांवर ठळक काय होतं? इबोला प्राणघातक आहे, त्यावर औषध नाही. दोन्ही गोष्टी तेव्हा खऱ्या होत्या. पण आजारी माणसाच्या घरच्यांनी ते वाचून काय करावं? औषधच नसेल तर उपचार केंद्रात नेऊन काय करायचं, मरायचंच असेल तर आपल्या माणसांत मरू दे, असं लोकांनी ठरवलं. तर्कात खोट नाही. पुढे निरोप बदलला: लवकर आलात तर जगण्याची शक्यता वाढते, आणि घरच्यांनाही लागण होत नाही.

दफनाचंही तसंच. मृतदेहातून लागण होते, आणि नातेवाइकांनी देहाला अंघोळ घालणं, स्पर्श करणं ही तिथली अखेरची माया. किमान २० टक्के लागण दफनविधींतून होते, असं जागतिक आरोग्य संघटनेने तेव्हा सांगितलं होतं. आधी भर 'सुरक्षित' दफनावर होता. संरक्षक पोशाखातली माणसं यायची आणि देह घेऊन जायची. लोक मृतदेह लपवू लागले. नोव्हेंबर २०१४ मध्ये मानववंशशास्त्रज्ञ आणि मुस्लिम व ख्रिस्ती संस्थांना बरोबर घेऊन नवी पद्धत लिहिली गेली, तिचं नावच 'सुरक्षित आणि सन्मानपूर्वक दफन'. घरच्यांना विचारायचं, प्रार्थनेला वाव द्यायचा, लांबून का होईना पण सहभागी होऊ द्यायचं.

अविश्वास किती टोकाला जातो याचंही उदाहरण आहे. सप्टेंबर २०१४ मध्ये गिनीतल्या वोमे गावात इबोलाची माहिती द्यायला गेलेल्या पथकातल्या आठ जणांची हत्या झाली. त्यांत आरोग्य कर्मचारी होते, स्थानिक अधिकारी होते, पत्रकार होते.

आता "परत ऐकणं" म्हणजे काय ते बघा. २०१८ ते २०२० च्या काँगोमधल्या साथीत रेड क्रॉसचे स्वयंसेवक वस्तीत फिरून लोक काय बोलतात ते शब्दशः टिपून घ्यायचे. मृतदेहाच्या बंद पिशवीत आपलं माणूस नाहीच, किंवा त्याचे अवयव काढून घेतलेत, अशी शंका पुन्हा पुन्हा यायला लागली. त्यावर "अफवांवर विश्वास ठेवू नका" असं पत्रक काढता आलं असतं. त्याऐवजी चेहरा दिसेल अशा पारदर्शक पिशव्या वापरात आणल्या. मला हे फार मोठं वाटतं. शंकेला उत्तर म्हणून त्यांनी वस्तूच बदलली.


साधासरळ

सगळं वाचलं. सगळं खरं आहे. तरी मला वाटतं, भाषा भाषा करताना एक गोष्ट निसटते आहे.

मी गोदामात रोजंदारीवर होतो. मला सूचना पहिल्या दिवशी कळल्या होत्या, माझ्या भाषेत कळल्या होत्या, एकूण एक समजल्या होत्या. ताप आला तर घरी थांबा. घरी थांबलो तर त्या दिवसाचा पगार नाही, आणि तीन दिवस थांबलो तर पुढच्या आठवड्यात नाव यादीत नाही. मी ताप अंगावर काढून गेलो. मी अडाणी नव्हतो आणि मला कोणी फसवलंही नव्हतं.

रानवारांनी मेलबर्नचं लिहिलं आहे. त्याच जुलैमध्ये तिथल्या सरकारला दिसलं की लक्षणं असलेले बहुतेक लोक चाचणी होईपर्यंत घरी थांबतच नाहीत. कारणं शोधली तर कच्च्या नोकऱ्या निघाल्या. मग रजा नसलेल्यांना चाचणीच्या निकालाची वाट बघण्यासाठी ३०० डॉलर आणि लागण झालेल्यांना १,५०० डॉलर द्यायची योजना पुढे आली. त्या पैशाची बातमी लोकांच्या भाषेत गेली पाहिजे, हे मान्य. पण आधी पैसे हवेत. नुसतंच "घरी थांबा" चाळीस भाषांत सांगून काय उपयोग?


जुनाडॉक्टर

साधासरळ, तुमच्या म्हणण्याला जोडून थोडं. मी निवृत्त आहे. उत्तर प्रदेशात पोलिओच्या मोहिमेत काही वर्षं होतो.

२००२ साली देशात पोलिओचे १,६०० रुग्ण सापडले, त्यांतले बहुसंख्य उत्तर प्रदेशात. आम्ही दारावर जायचो आणि दार लागायचं. या थेंबांनी मुलांना पुढे मूल होणार नाही, अशी बोलवा होती. भाषा आमची आणि त्यांची एकच होती, हे लक्षात घ्या. शब्द सगळे कळत होते, पण कोण बोलतंय हे पटत नव्हतं. मग युनिसेफच्या मदतीने गल्लीगल्लीत त्याच वस्तीतल्या माणसांचं जाळं उभं राहिलं, त्यांत बहुतेक बायका. मशिदींतून इमामांनी सांगितलं. अलीगढ मुस्लिम विद्यापीठ, जामिया मिलिया आणि जामिया हमदर्द पुढे आले.

तरी एक बाई मला जे म्हणाली ते मी विसरलो नाही. "साहेब, तुम्ही दर महिन्याला थेंब घेऊन येता. पोराला जुलाब होतात तेव्हा कुठे असता? नळाला पाणी नाही ते कोणाला सांगू?" हा एकाच बाईचा प्रश्न नव्हता. २००९ च्या सुमारास उत्तर प्रदेश आणि बिहारमधले सगळ्यात जोखमीचे १०७ तालुके निवडून तिथे लसीबरोबर स्वच्छ पाणी, शौचालयं, जुलाबावरचे उपचार यांवर काम सुरू झालं, ते अशाच प्रश्नांमुळे. २००९ मध्ये ७४१ रुग्ण, २०१० मध्ये ४२, आणि १३ जानेवारी २०११ ला शेवटचा, पश्चिम बंगालमध्ये. २७ मार्च २०१४ ला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं.

आकडे उतरण्यामागे सुधारित लशीचाही मोठा वाटा होता. सगळं श्रेय संवादाला देणार नाही मी. पण लस कितीही चांगली असली तरी ती बंद दारातून आत जात नाही, आणि दार उघडणाऱ्या बायका त्याच गल्लीतल्या होत्या.


गणितवेडा

माझं मत बरंच सरकलं आहे. शांततेच्या काळात यादी करून ठेवायची, यंत्राचा खर्डा माणसाने तपासायचा, वस्तीतली माणसं आधीपासून जोडलेली ठेवायची, एवढं असेल तर घड्याळाचा आक्षेप मागे घेतो.

एक प्रश्न मात्र राहतो, आणि तो मी खरोखर शिकण्यासाठी विचारतो आहे. किती पत्रकं वाटली, चित्रफीत किती जणांनी पाहिली, हे मोजता येतं. निरोप समजला हे तुम्ही फोनवर बसून कसं ओळखता? होकार उपयोगाचा नाही हे तुम्हीच लिहिलंत.


दुभाषी

साधासरळ, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. मीही कितीतरी जणांना "घरी थांबा" सांगितलं, आणि पलीकडून येणारी शांतता मला ऐकू यायची. त्या शांततेचं भाषांतर करून परिचारिकेला सांगायला हवं होतं. मी नाही सांगितलं.

गणितवेडा, मला जे कळलं ते आजींच्याच फोनवर कळलं, म्हणून तो फोन पुढे काय झाला ते सांगते.

परिचारिकेला मी 'घर' या शब्दाची अडचण समजावली. ती भली होती. म्हणाली, तुम्हीच सुचवा कसं सांगायचं, मी ऐकते. मी म्हटलं, "आजी, रात्री ज्या दाराच्या आत तुम्ही झोपता ना, त्या दाराचा उंबरठा दहा दिवस ओलांडायचा नाही. लेकीचं दार वेगळं. ती तुमचीच आहे, पण दार वेगळं."

या वेळी "हो बाई, हो" आलं नाही. बराच वेळ काहीच आलं नाही. मग प्रश्न सुरू झाले. मग नातवाला कोण बघणार? लेकीला कामावर जायचं असतं. तिने आणून दिलेली औषधं दाराशी ठेवली तर चालतील का? केराची पिशवी बाहेर कशी ठेवू? आणि अगदी शेवटी, हळू आवाजात, "संध्याकाळी तो खाली खेळायला येतो, तेव्हा खिडकीतून हाक मारली तर चालेल ना?"

मी प्रश्न जसाच्या तसा पलीकडे दिला. परिचारिका म्हणाली, त्यांना सांगा, रोज मारा, हवी तेवढी मोठ्याने.